पेशी, स्नायू आणि शीर : शारीराच्या पहिल्या पाठातील तीन शब्द

आम्ही उपनगरातील काही वैद्य महिन्यातून एकदा रविवारी सकाळी घाटकोपर येथे संहितावाचनासाठी एकत्र जमतो. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीहून मंडळी येतात आणि बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षाचे चार-सहा विद्यार्थीही वही घेऊन मागच्या रांगेत बसतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचवा, म्हणजे शरीरसंख्याव्याकरण हा अध्याय चालू असताना मराठी माध्यमातून शिकून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शरीरात पेशी तर कोट्यवधी असतात. मग सुश्रुतांनी त्या पाचशेच कशा सांगितल्या?"

काहीजण हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरी परतताना हसण्याचे कारण सापडेना. दहावीपर्यंत तिने ज्या पुस्तकातून विज्ञान शिकले त्यात पेशी म्हणजे सेल, पेशींच्या समूहाची ऊती, आणि आकुंचन-प्रसरण पावतो तो स्नायू, असेच छापलेले आहे. तेच शब्द घेऊन ती आयुर्वेदाच्या महाविद्यालयात आली. तिथे रचनाशारीराच्या पहिल्याच पाठात तेच शब्द निराळ्या अर्थाने भेटले आणि ते निराळे आहेत, असे तिला कोणी सांगितले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. आपल्या मातृभाषेतील शारीराचे तीन अगदी नित्याचे शब्द ग्रंथात, शाळेत आणि रुग्णाच्या तोंडी कोणकोणत्या अर्थांनी येतात, आणि त्या घोटाळ्याची किंमत चिकित्सेत कशी मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम पेशी. सुश्रुतमते पेशींची संख्या ५००. त्यांपैकी चार शाखांत मिळून ४००, कोष्ठात ६६ आणि ग्रीवेच्या वर ३४. स्त्रियांमध्ये २० अधिक : स्तनांत १० आणि उरलेल्या १० अपत्यमार्ग व गर्भाशयाच्या परिसरात. सिरा, स्नायू, अस्थी, पर्वे व संधी ही सर्व पेशींनी झाकलेली असल्यामुळे बलवान राहतात, असे त्यांचे कार्य सांगितले आहे. हे वर्णन मांसाच्या तुकड्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत मसलचे आहे, यात शंका राहत नाही. कंकालाशी जोडलेल्या मसल्सची आधुनिक मोजणी सहाशेच्या पुढे जाते आणि तीही मोजणाऱ्यागणिक थोडी बदलते, कारण एखादा मसल एक धरावा की त्याच्या दोन-तीन भागांना स्वतंत्र मोजावे, हा संकेताचा प्रश्न आहे. तेव्हा ५०० हा आकडा हास्यास्पद नाही, आणि तो ओढूनताणून सहाशेशी जुळविण्याचेही कारण नाही.

पेशी हा शब्द संहितेत आणखी एका ठिकाणी येतो. दुसऱ्या महिन्यातील गर्भाच्या आकाराचे पिंड, पेशी आणि अर्बुद असे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथेही पेशी म्हणजे मांसाचा लांबट गोळा. मराठीत सेल या कल्पनेसाठी शब्द हवा होता तेव्हा हा शब्द उचलला गेला आणि तो रूढ झाला. हिंदीने त्यासाठी कोशिका घेतला, गुजरातीने कोष, आणि हिंदीत मांसपेशी म्हणजे अद्याप मसलच. मानवी शरीरातील सेल्सची संख्या सुमारे ३० लाख कोटी असावी, असा अलीकडचा अंदाज आहे. विद्यार्थिनीचा प्रश्न या दोन आकड्यांमधला होता. तिला उत्तर एवढेच द्यायचे की तू वाचतेस ती पेशी ही नव्हे.

पेशीच्या बाबतीत घोटाळा झाला तरी रुग्णाचे फारसे बिघडत नाही. स्नायूच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

त्या रविवारी आम्ही उपस्थितांना एक साधा प्रश्न विचारला : स्नायू म्हणजे काय? मराठी विद्यार्थी म्हणाले मसल. मुलुंडच्या गुजराती भाषक वैद्यांनीही तेच सांगितले. उत्तर भारतातून आलेल्या एका तरुण वैद्याने लिगामेंट म्हटले. अंधेरीहून येणाऱ्या एका बंगाली भगिनींनी सांगितले की त्यांच्या भाषेत स्नायू म्हणजे नर्व्ह, आणि मज्जासंस्थेला त्यांच्याकडे स्नायुतंत्र असेच म्हणतात. एका खोलीत एका शब्दाचे तीन अवयव झाले. आपल्या उपनगरांत एकाच इमारतीत या सर्व भाषा नांदतात आणि एकाच दिवसात हे सर्व रुग्ण आपल्यासमोर बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा केवळ शब्दच्छल उरत नाही.

सुश्रुतांनी स्नायू ९०० सांगितले : शाखांत ६००, कोष्ठात २३० आणि ग्रीवेच्या वर ७०. त्यांचे कार्य समजावण्यासाठी नौकेचा दृष्टान्त दिला आहे. फळ्या अनेक बंधनांनी एकमेकींस बांधल्या म्हणजे नौका पाण्यात माणसांचा भार वाहू शकते. त्याप्रमाणे संधी स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार सहन करतो. वर्सोवा-मढच्या किनाऱ्याला राहणाऱ्यांना हा दृष्टान्त चटकन कळावा. आज होड्यांना खिळे व बोल्ट असतात. परंतु पूर्वी पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून होड्या बांधण्याची रीत होती. दृष्टान्तातील बंधन म्हणजे ती शिवण. ती फळी नव्हे, आणि होडी चालविणारे वल्हेही नव्हे. बांधणारे ते स्नायू. हलविणाऱ्या त्या पेशी.

याच ठिकाणी सुश्रुतांनी असेही म्हटले आहे की अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांना इजा झाली असता मनुष्याची जितकी हानी होते, त्याहून अधिक स्नायूंना इजा झाल्याने होते. मराठी विद्यार्थी हे वाक्य मसल या अर्थाने वाचतो तेव्हा त्याला ते अतिशयोक्त वाटते, कारण फाटलेला मसल बहुधा भरून येतो, हे त्याला ठाऊक असते. लिगामेंट व टेंडन या अर्थाने वाचले की वाक्य चपखल बसते. या रचनांना रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे त्या सावकाश भरतात. भरल्या तरी पूर्वीइतक्या ताठ राहतीलच असे नाही. लोकलमधून उतरताना पाऊल आत मुरगळून घोट्याच्या बाहेरच्या बाजूस सूज घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. त्याच्या घोट्याच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचे, टाचेवरच्या हाडाला पिंडरीच्या बारीक हाडाशी बांधणारे लिगामेंट बहुतेक वेळा दुखावलेले असते. चार दिवसांत सूज उतरते आणि रुग्ण धावू लागतो. सहा महिन्यांनी तोच घोटा पुन्हा मुरगळतो, कारण शिवण सैलच राहिलेली असते.

आता चिकित्सा पाहू. चिकित्सास्थानाच्या चौथ्या अध्यायात, म्हणजे वातव्याधिचिकित्सेत, वात त्वचा, मांस, रक्त व सिरा यांत गेला असता रक्तमोक्षण सांगितले आहे. आणि स्नायू, संधी व अस्थी यांत गेला असता स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन. म्हणजे ग्रंथाच्या दृष्टीने मांस एका गटात आणि स्नायू दुसऱ्या गटात आहे. केसपेपरवर आपण 'स्नायूगत' असे लिहितो तेव्हा मनात मराठी स्नायू असेल तर निदान मांसगताचे झाले आणि चिकित्सा मात्र बंधनाची झाली. किंवा याच्या उलट. टाचेच्या मागील कंडरेच्या दुखण्यात जळवा लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत आणि मांडीच्या मागील मसल ताणला असता अग्निकर्म केलेलेही पाहिले आहे. दोन्ही ठिकाणी वैद्याने ग्रंथाचा आधार दिला होता आणि दोन्ही ठिकाणी तो चुकीच्या ओळीचा होता.

अर्थात स्नायू बरोबर लिगामेंट, असे समीकरण लिहून मोकळे होता येत नाही. सुश्रुतांनी स्नायूंचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रतानवती म्हणजे फांद्यांसारखे पसरणारे, ते शाखा व संधींत. वृत्त म्हणजे गोल, त्यांनाच कंडरा म्हटले आहे. पृथु म्हणजे रुंद, ते पार्श्व, छाती, पाठ व शिर या ठिकाणी. आणि सुषिर म्हणजे पोकळ, ते आमाशय, पक्वाशय व बस्ती यांच्या अंताशी. पहिला प्रकार लिगामेंटशी, दुसरा टेंडनशी आणि तिसरा रुंद पांढऱ्या पटलांशी जुळतो. चौथा मात्र आज आपण ज्यांना स्फिंक्टर म्हणतो त्यांच्याशी जुळतो, आणि स्फिंक्टर तर मसलच होय. म्हणजे सुश्रुतांचे वर्गीकरण घटकद्रव्यावरून नसून 'बांधतो तो स्नायू' असे कार्यावरून आहे. मुख आवळून बांधणारे वलयही त्यात येते. परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नात ही गुंतागुंत मावत नाही, पण शिकविणाऱ्याने ती लपवू नये.

सुश्रुतांना हे भेद दिसले कसे, हेही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. विषाने न मेलेले, दीर्घ व्याधीने न पीडलेले, शंभर वर्षांचे नसलेले, सर्व अवयवांनी पूर्ण असे प्रेत घ्यावे. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, साल, कुश, ताग इत्यादींनी वेष्टून पिंजऱ्यात ठेवावे. वाहत्या नदीत आडोशाच्या जागी कुजू द्यावे. आणि सात रात्रींनंतर वाळा, बांबू, बल्वज इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतील प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा. शस्त्राने कापण्याची ही पद्धत नव्हे. थर सोडवत जाण्याची आहे. या पद्धतीत काय टिकते आणि काय नाहीसे होते, याचा विचार केला म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतात. मऊ अवयव विरघळतात. अस्थी, तरुणास्थी, स्नायू व कंडरा अधिक काळ टिकतात. अस्थी-संधी-स्नायूंचे वर्णन सूक्ष्म व्हावे आणि मस्तिष्काच्या अंतर्भागाचे न व्हावे, याचे एक कारण इथे असावे, असे आम्हाला वाटते. नर्व्ह आणि बारीक रक्तवाहिनी यांचा भेद तर अशा प्रेतात करणे फारच कठीण.

यावरून तिसऱ्या शब्दाकडे येऊ. शीर हा शब्द मराठी रुग्णाच्या तोंडी जितक्या वेळा येतो तितका दुसरा कोणताही शारीराचा शब्द येत नसेल. मानेची शीर आखडली, शिरेवर शीर चढली, कमरेतून शीर दुखत पायात जाते, हाताच्या शिरा फुगल्या, शीर सापडत नाही म्हणून सलाईन लावता येईना. या पाच वाक्यांत शीर म्हणजे अनुक्रमे मसल, पुन्हा मसल, नर्व्ह, व्हेन आणि व्हेन. हिंदी व गुजराती भाषक रुग्ण याच अर्थांनी नस म्हणतात.

ग्रंथातील सिरा ७०० आहेत. मूळ ४० : वातवह, पित्तवह, कफवह व रक्तवह प्रत्येकी १०, त्यांचा विस्तार होऊन प्रत्येकीच्या १७५. बागेत पाटाने पाणी फिरावे तसे त्या शरीराला पोसतात, असा दृष्टान्त आहे. वातवह सिरा अरुण, पित्तवह उष्ण व नील, कफवह गौर व शीत, आणि रक्तवह रोहिणी, असा वर्णभेद सांगितला आहे. पण कोणतीही सिरा केवळ एकाच दोषाची नसते, सर्व सिरा सर्ववह असतात, असेही सुश्रुतांनीच लगेच स्पष्ट केले आहे. हे दुसरे विधान पाठ्यपुस्तकात तळटिपेत जाते, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते. सर्व सिरांचे मूळ नाभी सांगितले आहे. गर्भावस्थेत हे उघड आहे : नाळेतील सिरेवाटेच मातेकडून पोषण येते. प्रौढ शरीरात मात्र त्या सिरेची यकृताकडे जाणारी एक दोरी तेवढी उरते. रक्त हृदयातून निघून हृदयाकडे परत येते, हे हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले, आणि त्यासाठी सिरांमधील पडद्यांचा, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांचा मोठा आधार घेतला. पायातील सिरांचे कार्य या झडपांशिवाय समजत नाही. पोटरीच्या पेशी आकुंचन पावल्या की त्यांच्यामधील खोल सिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. मनुष्य चालतो तोवर हा पंप चालतो. तो अंथरुणावर पडून राहिला की मंदावतो.

१९१३ साली कविराज गणनाथ सेन यांचे 'प्रत्यक्षशारीरम्' प्रसिद्ध झाले. संस्कृतात लिहिलेल्या या ग्रंथाने धमनी म्हणजे आर्टरी, सिरा म्हणजे व्हेन, नाडी म्हणजे नर्व्ह, असे संकेत ठरविले आणि महाविद्यालयांतील परिभाषा बरीचशी त्यावरच उभी राहिली. मुंबईत निर्णयसागर छापखान्यातून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहितेची संपादित आवृत्ती काढली. तीच आज आपण सर्वजण वाचतो. पुस्तके या दोघांनी नीट करून ठेवली. दवाखान्यातील बोली कोणी नीट करणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

एक प्रसंग लिहितो. काही वर्षांपूर्वी माहेरी मुलुंडला आलेली एक बाळंतीण आपल्या आईबरोबर आमच्याकडे आली. सिझेरियन होऊन तीन आठवडे झाले होते. डाव्या पोटरीत चार दिवस दुखत होते. आई म्हणाली, "शीर चढलीय हो डॉक्टर. मालीशवाली येते, पण तिचा हात हलका पडतो. एखादं चांगलं तेल द्या." सूतिकेला अभ्यंग ग्रंथोक्त आहे, घरोघरी रूढ आहे, पोटरीत गोळा येणे नित्याचे आहे. आम्ही बला तेल लिहिले, आणि पोटरीला जोर देऊन चोळायला सांगितले.

ती उठताना तिने डावा पाय जपून टाकला आणि साडीच्या काठाखाली घोट्याजवळ चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसला. उजव्या पायाला तो नव्हता. तिला पुन्हा बसविले. शिंप्याचा फीतमाप आमच्या टेबलाच्या खणात असतो, तो काढून गुडघ्याखाली समान अंतरावर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटरने अधिक भरली. हाताला उष्ण लागत होती आणि नडगीवर अंगठा दाबला असता खळगा राहत होता. तेलाची चिठ्ठी परत घेतली आणि त्याच दिवशी डॉप्लर तपासणीला पाठविले. गुडघ्यामागील खोल सिरेत रक्ताची गुठळी होती. तिला रुग्णालयात दाखल करून रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू झाली आणि ती पुढे तीन महिने चालली.

पोटरी जोराने चोळली असती तर गुठळीचा तुकडा सुटून सिरेवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकला असता. तो मार्ग सरळ आहे, वाटेत अडविणारे काही नाही. आईने सांगितलेली शीर ग्रंथातील सिराच होती. आम्ही ती मराठी शीर समजून पेशीची चिकित्सा लिहिली होती.

प्रसूतीनंतर हे का होते, याचे उत्तर रचना आणि क्रिया या दोहोंत आहे. गर्भारपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. प्रसूतीतील रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ही शरीराची तयारीच असते, आणि ती प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे सावकाश ओसरते. शस्त्रकर्मानंतर हालचाल कमी, त्यामुळे पोटरीचा पंप मंद. डाव्या पायात हे अधिक आढळते, त्याचे कारण शुद्ध रचनेतले आहे : श्रोणीत डाव्या पायाकडून येणारी मोठी सिरा उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या मागून जाते, आणि पुढून धमनी व मागून पृष्ठवंश यांच्यामध्ये ती दाबली जाते. प्रथम वर्षाला प्रेतावर हे एकदा बोट घालून पाहिले तर आयुष्यभर विसरत नाही. महाराष्ट्रात शवविच्छेदनाच्या शिक्षणासाठी बेवारस देह मिळण्याची कायदेशीर तरतूद १९४९ पासून आहे आणि स्वेच्छेने देहदान करणारेही आहेत. तरीसुद्धा प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीवर रचनाशारीर उरकले जाते तेव्हा आम्हाला वाईट वाटते, कारण प्रतिकृतीत सिरा निळी आणि धमनी लाल असते व कोणी कोणाला दाबत नाही.

पोटरीच्या मध्यावर सुश्रुतांनी इंद्रबस्ति हे मर्म सांगितले आहे. १०७ मर्मांची विभागणी अशी : मांसमर्मे ११, सिरामर्मे ४१, स्नायुमर्मे २७, अस्थिमर्मे ८ आणि संधिमर्मे २०. इंद्रबस्ति मांसमर्मांत मोडते, परंतु त्याच्या आघाताचा परिणाम शोणितक्षयाने मरण असा दिला आहे. म्हणजे या मांसाच्या आत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, याची जाणीव तिथे स्पष्ट आहे. अभ्यंगाचा आदेश लिहिताना हे मर्म आमच्या मनात यायला हवे होते.

तेव्हापासून रुग्ण शीर किंवा नस म्हणाला की आम्ही त्याला एका बोटाने जागा आणि मग त्याच बोटाने दुखण्याची रेघ दाखवावयास सांगतो. मसलचे दुखणे दाखविताना रुग्ण बहुधा तळहात ठेवतो. नर्व्हचे दाखविताना बोट वरून खाली ओढतो, आणि मुंग्या किंवा बधिरपणा विचारण्याआधीच सांगतो. लिगामेंटचे दुखणे बोटाच्या टोकाएवढ्या जागी असते व सांधा एका विशिष्ट दिशेने ताणला की उठते. खोल सिरेचे दुखणे असेल तर रुग्णाला रेघ काढता येत नाही. तो सगळी पोटरीच धरतो. म्हणून एका बाजूची सूज असेल तर फीतमाप काढायचाच. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, ही जुनी चाचणी भरवशाची नाही. तिच्यावर विसंबून राहू नये. केसपेपरवर आम्ही आता नुसते स्नायू लिहीत नाही. स्नायू (बंधन) किंवा मांसपेशी, असे काय ते स्पष्ट लिहितो. सहायक वैद्यांना आरंभी हा अट्टहास वाटतो.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढील वाचनाच्या वेळी तीन रकान्यांचा तक्ता करून आणावयास सांगितले : शाळेतील अर्थ, संहितेतील अर्थ, रुग्णाचा अर्थ. तिने चौदा शब्द आणले. त्यात मज्जा होती, जी संहितेत हाडातील धातू आहे आणि मराठी मज्जातंतूत नर्व्ह झाली आहे, कोठा होता, आणि शेवटी धमनी होती, जिच्या २४ संख्येवरून त्या दिवशी दीड तास वाद झाला आणि दुपारच्या गाड्या चुकल्या. धमनी व स्रोतस यांचा विचार पुढील अंकी करू.